कोरडा घास

"सगळे काढून टाका," आक्काताई मगदूम म्हणाल्या. "वरचे, खालचे, सगळे. कवळी बसवूया. एकदाची कटकट मिटू दे."

खुर्चीत त्यांची सून बसली होती. राजमती, वय अठ्ठावीस. तिचा नवरा धन्यकुमार दाराशी अवघडून उभा होता. माझा दवाखाना तेव्हा जयसिंगपुरात स्टेशन रोडला, पहिल्या मजल्यावर होता. त्या सकाळी धन्यकुमारनं बायकोला जिन्यावरून जवळजवळ उचलूनच वर आणलं होतं. मला वाटलं, दातांनी ठणका लावलाय, पोटात काही नाही, म्हणून गळून गेली असेल.

नव्याण्णव सालचा जानेवारी होता. गुऱ्हाळांचा हंगाम जोरात होता. मगदूमांचं स्वतःचं गुऱ्हाळ होतं, नदीपलीकडच्या त्यांच्या गावात. धन्यकुमारच्या शर्टाला काकवीचा वास येत होता.

"सगळे कशाला?" मी म्हणाले. "जे वाचतील ते वाचवू."

"दोन वर्सं वाचवायलाच लागलाय की वो डॉक्टरबाई. काय वाचलं?"

दोन वर्षांत मी राजमतीचे चौदा दात भरले होते. एक भरावा तर शेजारचा किडायचा. भरलेल्या सिमेंटच्या कडेनं पुन्हा काळी रेघ उमटायची. आणि कीड अशा जागी की जिथं तरुण माणसांना सहसा होत नाही, अगदी हिरडीलगत, मुळाच्या गळ्याशी, दाताभोवती करदोडा बांधावा तशी.

मला सहा वर्षांची प्रॅक्टिस होती आणि आपल्याला सगळं कळतं असं मला वाटत होतं. गुऱ्हाळवाल्यांची सून आणि तोंडभर कीड, यात कळायचं काय होतं?

"राजमती, काही खाऊन आलीस का?" मी विचारलं. इंजेक्शन द्यायच्या आधी मी हे प्रत्येकाला विचारते. उपाशी माणूस खुर्चीत चक्कर येऊन पडतो.

"न्हाई."

"काल?"

"पेज पिली."

"मग आज फक्त दोन काढू. बाकीचं नंतर ठरवू." मी माझ्या मदतनीस कमलबाईंना सांगितलं, "खालून चहा सांगा. आणि तुमच्याकडे बिस्किटं असतील तर द्या तिला."

कमलबाई डब्यातून दोन ग्लुकोजची बिस्किटं घेऊन आल्या आणि चहा सांगायला खाली गेल्या. राजमतीनं बिस्किटांकडे पाहिलं, मग सासूकडे. आक्काताईंनी मान वळवली.

"खा गं," मी भुलीचं औषध सिरिंजमध्ये ओढत म्हणाले. "चहा येईपर्यंत एक खा."

तिनं अर्धं बिस्किट तोंडात घातलं. मी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली, हातमोजे चढवले, दिवा ओढून घेतला. मिनिटभरानं पाहिलं तर ती अजून चावतच होती. डोळे मोठे झालेले, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. ती गिळायचा प्रयत्न करत होती आणि घास खाली उतरत नव्हता.

"काय झालं? दुखतंय?"

तिनं मान हलवली. हात तोंडाशी नेला, पण तो तिथवर पोचायलासुद्धा फार वेळ लागला. मी बेसिनचं भांडं पुढं केलं. तोंडातून जे पडलं ते पाहून मी थांबले. तो भुगा होता. कोरडा, ठणठणीत कोरडा. पिठाच्या गिरणीत पडतो तसा. मिनिटभर माणसाच्या तोंडात फिरूनही तो ओला झाला नव्हता.

मी आरसा तिच्या गालाच्या आत घातला. तो गालाला चिकटला. तिच्या गालाला आरसा नेहमीच चिकटायचा. दोन वर्षं चिकटत होता, आणि दर वेळी मी वैतागून तो सोडवून घेत होते. जीभ लाल, गुळगुळीत, उन्हाळ्यातल्या जमिनीसारख्या भेगा पडलेली.

"तुझं तोंड कधीपासून असं कोरडं आहे?"

"तीन-चार वर्सं झाली."

"मला का नाही सांगितलंस?"

उत्तर आक्काताईंनी दिलं. "सारखं पानी पीत असती. भाकरी खायाची म्हटली तर घासाला एक घोट. दशलक्षण पर्वात आमच्या जैनांत दिवस बुडाल्यावर कुणी पानीसुदीक तोंडात घेत न्हाई. दहाच दिवस असत्यात. तवाबी हिला तांब्या लागतो. रातच्याला पिताना मी धरलं हिला."

"आणि डोळे?" मी राजमतीला विचारलं.

"वाळू गेल्यागत खुपत्यात. कोल्हापूरच्या डॉक्टरनी थेंब दिल्यात."

"आणखी कुठली औषधं चालू आहेत?"

धन्यकुमार पुढे आला. त्याच्या हातात साड्यांच्या दुकानाची एक प्लास्टिकची पिशवी होती. तिच्यात सगळे कागद होते. आजवर मी ते कधी मागितले नव्हते. दातांच्या डॉक्टरनं दात पाहायचे, असा माझा हिशेब.

मी एकेक कागद टेबलावर मांडला. डोळ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी. गळ्याला सूज आली म्हणून केलेली थायरॉईडची तपासणी, त्याची रोज सकाळची गोळी. सोनोग्राफी, दोन्ही मूत्रपिंडांत बारीक खड्यांची पेर. गावातल्या डॉक्टरांच्या चार चिठ्ठ्या, अशक्तपणा, सलाईन, अशक्तपणा, सलाईन.

"सलाईन लावलं की उलट जास्तच गळून जाती," धन्यकुमार हळूच म्हणाला. "आणि हिला गालगुंड झालतं. तीनदा."

"तीनदा?"

"दोनीकडचे गाल असे फुगलेले."

गालगुंड माणसाला एकदा होतं. तीनदा गाल फुगतात तेव्हा ते वेगळं काहीतरी असतं. कॉलेजात तोंडाच्या रोगांच्या पुस्तकात एक पान होतं, परीक्षेपुरतं पाठ केलेलं. ग्रंथी सुकतात. आधी लाळेच्या, मग अश्रूंच्या. त्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं, कधी कधी थायरॉईड आणि मूत्रपिंडंही. परीक्षेत ते विचारलं गेलं नव्हतं.

मी मिरजेला डॉ. मुजावर सरांना फोन लावला. ते फिजिशियन. माझ्या वडिलांच्या आजारपणात त्यांची ओळख झाली होती. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"पाय उचलता येतो का तिला?"

मी रिसीव्हर खांद्याशी धरून म्हणाले, "राजमती, उजवा पाय वर उचल."

तिनं पायाकडे पाहिलं. पाय हलला नाही.

"डावा?"

तोही नाही. तिनं मान टेकवली होती ती उचलायचा प्रयत्न केला, तीही जेमतेम उचलली गेली. जिन्यावरून तिला का उचलून आणावं लागलं ते मला आत्ता कळत होतं.

"इंजेक्शन वगैरे दिलंस का?" सरांनी विचारलं.

"भरून ठेवलंय."

"फेकून दे. आणि आत्ताच्या आत्ता घेऊन ये तिला. चहासुद्धा पीत बसू नका."

आक्काताई उठून उभ्या राहिल्या. "अहो, दात काडायचं सोडून हे काय मिरज?"

"हिच्या दातांत रोग नाहीये," मी म्हणाले. माझाच आवाज मला परका वाटला. "चला. जीप कुठाय?"

मी त्यांच्याबरोबर गेले. दवाखान्याला कुलूप लावायला कमलबाईंना सांगितलं. जीपमध्ये पाठीमागच्या बाकावर राजमतीचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ती शांत होती. एकदाच म्हणाली, "श्वास अर्ध्यातच संपतुया." धन्यकुमारनं ते ऐकलं आणि उदगावच्या पुलावर पुढच्या दोन ट्रकना मागं टाकलं. आक्काताई पुढे बसून णमोकार मंत्र म्हणत होत्या.

मिरजेत रक्त घेतलं. पोटॅशियम साडेतीनच्या वर असायला हवं, राजमतीचं एक पूर्णांक आठ होतं. मूत्रपिंडं ते धरूनच ठेवत नव्हती, लघवीवाटे वाहून जात होतं, आणि रक्तात आम्ल साठत होतं. पाय त्यामुळे गेले होते. पुढची पाळी छातीच्या स्नायूंची होती.

संध्याकाळपर्यंत तिच्या पायाची बोटं हलली. मुजावर सर मला व्हरांड्यात घेऊन गेले.

"तुझ्या भुलीच्या औषधात अॅड्रेनालिन असतं ना?"

"हो."

"त्यानं पोटॅशियम आणखी खाली जातं. एक पूर्णांक आठवर तू ते टोचलं असतंस तर खुर्चीतच हृदय थांबू शकलं असतं." ते रागावले नव्हते. चष्मा पुसत म्हणाले, "पण टोचलं नाहीस. का नाही टोचलंस?"

"बिस्किट," मी म्हणाले.

चार दिवसांनी राजमती भिंत धरून चालू लागली. तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं ठेवली. निरोगी माणसाची पट्टी भिजते, तिची कोरडीच निघाली. ते पाहून ती पहिल्यांदा हसली. "शाळेत मला रडकी म्हनायचे," म्हणाली. "आता कुनाला खरं वाटंल?"

एक तपासणी माझ्या हातची होती. खालच्या ओठाच्या आतून तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी काढून पुण्याला पाठवायच्या होत्या. पोटॅशियम जागेवर आलं होतं, आणि सरांनी सांगितलेलं दुसरं, अॅड्रेनालिन नसलेलं भुलीचं औषध मी जपून वापरलं. रिपोर्ट आला. शंकेला जागा उरली नाही.

मुजावर सरांनी तिघांना समोर बसवलं. मीही एका स्टुलावर बसले.

"शरीराचं काम बाहेरच्या रोगाशी भांडायचं," ते म्हणाले. "हिचं शरीर चुकून स्वतःशीच भांडतंय. आधी लाळेच्या ग्रंथींशी. मग डोळ्यांतल्या. मग गळ्यातल्या थायरॉईडशी. आणि आता मूत्रपिंडाशी."

"म्हंजे चार रोग?" आक्काताईंनी विचारलं.

"ऊस लावता ना तुम्ही? कांडीच्या एका डोळ्याला किती फुटवे येतात?"

"धा-बारा."

"पण बेणं एकच. तसं. आपण फुटवे वेगवेगळ्या डॉक्टरांना दाखवत बसलो."

"मग मुळापासनं उपटता येतंय?"

"नाही. पण दाबून ठेवता येतं. औषधं कायमची. पोटॅशियमचं पातळ औषध रोज तीन वेळा, चव वाईट आहे. ते बंद केलं तर पाय पुन्हा जातील. मूत्रपिंडांवर नजर ठेवावी लागेल. आणि पाणी. तिला लागेल तेव्हा, लागेल तितकं."

आक्काताईंनी पदर सारखा केला. धन्यकुमारनं औषधांची नावं एका वहीत लिहून घेतली, दोनदा विचारून.

त्या दिवशी निघताना मी राजमतीच्या कॉटपाशी गेले. मला वाटलं, ती विचारेल, मी किती जगेन. बहुतेक सगळे तेच विचारतात.

ती म्हणाली, "डॉक्टरबाई, गोड खाऊन माझे दात किडले न्हाईत न्हवं?"

"नाही गं. लाळ दातांना धुते, राखते. तुझी लाळच आटली होती."

"मग ते आत्तींना सांगशीला?"

"आक्काताईंना सरांनी सांगितलं की सगळं."

"त्यांनी रोगाचं सांगितलं. गुळाचं न्हाई." ती चादरीच्या काठाशी चाळा करत होती. "तुमी सांगितलं हुतं न्हवं. मी गूळ खाती म्हनून."

मला आधी आठवेना. मग आठवलं. पहिल्याच भेटीत मी हसून म्हणाले होते, गुऱ्हाळवाल्यांची सून ना तू, दिवसभर गालात खडा धरून बसत असशील. ती म्हणाली होती, न्हाई वो, मला गोड आवडतच न्हाई. मी म्हणाले होते, राजमती, तोंड खोटं बोलतं, दात बोलत नाहीत. वाक्य मला आवडलं होतं. नंतर मी ते दोन-तीन पेशंटना ऐकवलंही होतं. आक्काताई तेव्हा शेजारीच उभ्या होत्या.

"घरी गेल्यावर त्यांनी गुळाच्या खोलीला कुलूप घातलं," राजमती सांगत होती. आवाजात तक्रार नव्हती, कुणी गावाची वाट सांगावी तसं सांगत होती. "माझी ट्रंक उचकली. गाल सुजला की म्हनायच्या, बगा, खडा धरलाय. बोटं घालून बगितलं एकदा. एकाएकाला सांगितलं त्यांनी. माझ्या माहेरीबी सांगितलं. वडील म्हनाले, खात असशील तर खाऊ नगंस बाई, आमाला खाली बगायला लावू नगंस. ह्यांनीबी इचारलं, खरं सांग, मी काय म्हननार न्हाई." ती थांबली. "मी चोर न्हाई, एवढं सांगा. तुमच्या तोंडानं."

"सांगते," मी म्हणाले.

पण मी सांगितलं नाही. आक्काताई खाली जीपपाशी उभ्या होत्या, मी त्यांना नमस्कार केला आणि बसस्टँडचा रस्ता धरला. स्वतःला म्हटलं, बाईमाणूस दमलीय, आज नको. नंतर म्हटलं, राजमतीला घरी येऊ दे. मग ती घरी आल्याचं कळलं आणि दवाखान्यात गर्दी होती. असे अकरा दिवस गेले. खरं कारण एवढंच होतं की पंचक्रोशीत माझं नाव होतं, आणि मी चुकले असं मी तोवर कुणासमोर म्हटलेलं नव्हतं.

बाराव्या दिवशी गुरुवार होता, दवाखाना बंद. मी एसटीनं त्यांच्या गावाला गेले आणि तिथून चालत गुऱ्हाळावर.

चुलवाणात जाळ धडधडत होता. काहिलीत रस उकळत होता, गुळव्या तो लांब दांड्यानं हलवत होता. पलीकडे सहा-सात बायका ढेपा कापडात बांधत होत्या. आक्काताई बाजेवर बसून त्यांच्यावर लक्ष ठेवत होत्या. राजमती शेडच्या दाराशी खुर्चीत बसलेली, हाताशी पाण्याचा तांब्या. मला बघून धन्यकुमार लगबगीनं आला. "या, या. रस घ्या ताजा."

"आधी मला बोलायचंय," मी म्हणाले. "सगळ्यांच्या समोर."

बायकांचे हात थांबले. गुळव्याचे मात्र थांबले नाहीत, रस उतू जायच्या बेतात होता.

मी वाटेत वाक्यं जुळवली होती, ती सगळी विसरले. "आक्काताई, दोन वर्षांपूर्वी मी म्हटलं होतं, राजमती चोरून गूळ खाते. मला ते माहीत नव्हतं. माहीत असल्यासारखं बोलले. हिनं गूळ खाल्ला नाही. आजारानं हिची लाळ आटली, म्हणून दात किडले. ती पहिल्या दिवसापासून खरं बोलत होती. खोटं मी बोलले."

आक्काताई म्हणाल्या, "तुमी डॉक्टर. तुमी सांगितलं म्हनून मी हिला चोर म्हटलं. आता तुमीच सांगता, न्हाई. बरं, न्हाई." त्यांनी राजमतीकडे पाहिलं नाही, माझ्याकडेच पाहत होत्या. "पर मधली दोन वर्सं ही रोज सांगत हुती. ते कुनी ऐकलं वो?"

त्या बाजेवरून उठल्या.

"तुमी न्हाई ऐकलं. मी तर एका घरात ऱ्हाऊन न्हाई ऐकलं." मग त्या बायकांकडे वळून जोरात म्हणाल्या, "ऐकलं न्हवं सगळ्यांनी? आता गावात जाऊन सांगा. तवा जसं घरोघर सांगितलं हुतं, तसंच सांगा. आणि सांगताना म्हना, आक्काताईनंच सांगायला लावलं."

एक बाई तोंडाला पदर लावून हसली. दुसरीनं तिला कोपर मारलं. काम पुन्हा सुरू झालं.

मला वाटलं होतं, राजमती उठून येईल, काही बोलेल. ती उठली, पण धन्यकुमारला एवढंच म्हणाली, "मी बाईंना रस्त्यापतोर सोडून येती."

आम्ही उसाच्या कडेनं चाललो. ती सावकाश चालत होती, पण आधाराशिवाय. दोनदा थांबून पाणी प्यायली.

"झालं ना मनासारखं?" मी विचारलं.

"तुमच्या मनाला बरं वाटलं?" तिनं विचारलं.

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. खरंच विचारत होती. मी म्हणाले, "थोडं."

"बारा दिवस लावलासा."

"हो."

थोडं पुढं गेल्यावर मी विचारलं, "माझा राग आहे तुला?"

"हाय की."

"मग माझ्याकडे नाही आलीस तरी मला काही वाटणार नाही. तुझ्या दातांचं काम खूप आहे, वर्षानुवर्षं चालेल. सांगलीत एक चांगले डॉक्टर आहेत. मी चिठ्ठी देते."

ती रस्त्याच्या कडेला थांबली. एसटी लांबून येताना दिसत होती.

"कशाला?" ती म्हणाली. "तुमी आता माझं ऐकशीला. नव्या डॉक्टरला पुन्यांदा पहिल्यापासनं शिकवत कोन बसनार?"

राजमतीचे पुढं नऊ दात गेले. बाकीचे आम्ही दोघींनी मिळून राखले. मूत्रपिंडं निम्म्या ताकदीवर चालतात, पण आज पंचवीस वर्षं झाली, चालतात. थायरॉईडची गोळी, ते वाईट चवीचं औषध, डोळ्यांतले थेंब, काहीच सुटलेलं नाही. आक्काताई गेल्या तेव्हा शेवटची दोन वर्षं राजमतीच त्यांना भरवत होती. त्यांच्यात काय बोलणं झालं, कधी झालं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

त्या गुरुवारनंतरच्या सोमवारी ती एकटी आली, जिना स्वतः चढून. खुर्चीत बसली. मी स्टूल तिच्यासमोर ओढलं आणि म्हणाले, "सांग, काय काय होतंय?"

तिनं सांगायला सुरुवात केली. बाहेर पाच माणसं ताटकळत होती. ती आपणहून थांबेपर्यंत मी हातमोजे चढवले नाहीत.